चार बाजांच्या मधोमध

पळस गळायला लागला की आमच्या गावच्या दहावीच्या पोरी हातात परीक्षेचा पुठ्ठा धरून सकाळी फाट्यावर उभ्या राहतात. मुकुटबनच्या केंद्रावर नेणारा ऑटो यायचा असतो. एखादी डोळे मिटून पुटपुटते, एखादी दुसरीच्या वहीत डोकावते. मी पानठेल्याच्या बाकावर बसलेला असतो. मला कुठे जायचं नसतं. म्हाताऱ्या माणसाला सकाळी टेकायला जागा लागते, तेवढंच.

परवा त्यातली एक पोरगी म्हणत होती, "ए अधिक बी कंसाचा वर्ग, बरोबर..." आणि अडकली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ए वर्ग, अधिक दोन एबी, अधिक बी वर्ग."

पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. एक फिसकन हसली. "आबाजी, तुमाले कोणं शिकवलं हे?"

ऑटो आला म्हणून सुटलो. नाहीतर सांगावं लागलं असतं, आणि तिचं नाव काढलं की माझा आवाज अजून धड राहत नाही.

पंचफुला माझी बायको. तिला जाऊन हा दुसरा उन्हाळा. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख कमी होते. लोकांना काय जातं म्हणायला.

ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरं घरोघरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. वरची सेविकाबाई वयानं निवृत्त व्हायला आली होती. मदतनीसला तिच्या जागी बसता येत होतं, पण दहावी पास पाहिजे. पंचफुला माहेरी सातवीपर्यंत शिकली होती. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, पोरीला एकटं कोण धाडणार, म्हणून तिथंच थांबली. आता आमची पोरगी लग्न होऊन सासरी गेली, घरात आम्ही दोघं, तेव्हा एक दिवस ताट वाढता वाढता म्हणाली, "सतरा नंबरचा फारम भरून राह्यली मी. दहावीले बसतो."

मी म्हटलं, "या वयात?"

"वय कायले पाह्यता? लेकरायले गाणे शिकवते कोण? मीच न? खुर्चीवर बसते कोण? ती. मले खुर्ची पाह्यजे."

मागणी सरळ होती. मला आवडली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि आत गेलं की ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, एक मूठ कापूस ओढून काढायचा, बोटांनी चोळायचा आणि अख्ख्या गाडीची जात ठरवून मोकळा व्हायचा. पंचफुला एकदा माझ्यासोबत आली होती. ती तिथंच मोठ्यानं म्हणाली, "मूठभर पाहून साऱ्या गाडीले नाव ठेवते बाप्पा हा." ग्रेडरनं ऐकलं. त्या दिवशी आमचा कापूस त्यानं आणखी एक पायरी खाली उतरवला. आम्ही गाडी तशीच परत आणली आणि कापूस घरात ओतला. पुढचे वेचेही त्याच्यावर चढले. माघ संपता संपता घरात कापूस आढ्याला टेकला. चूल पडवीत आली, आम्ही अंगणात आलो. रात्रभर कापसातले किडे चावत, अंगाला खाज सुटे. ज्यानं घरात कापूस भरून उन्हाळा काढलेला नाही, त्याला पांढरं सोनं म्हणायला काही वाटत नाही.

संध्याकाळी विहारात वर्ग भरायचा. शेजारच्या घरची सून विशाखा बी.एस्सी. झालेली होती. सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं आणि ती आम्हाला मामाजी-आत्याबाई म्हणायची. भिंतीवर कोट घातलेला, हातात पुस्तक धरलेला फोटो, त्याच्या खाली फळा, समोर चटईवर नापास झालेल्या पोरी आणि त्यांच्यात पंचफुला. मी तिला न्यायला जायचो आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसायचो. आत जाऊन बसायची लाज वाटायची, पण कान काही बंद करता येत नाहीत.

विशाखा सांगायची, समीकरण एखाद्या आकड्यालाच खरं असतं, बाकीच्यांना नाही. नित्यसमानतेचं तसं नसतं. ए-च्या जागी काहीही घाला, बी-च्या जागी काहीही घाला, दोन्ही बाजू सारख्याच येणार.

"मंजे नवरा-बायकोसारखं?" पंचफुलानं विचारलं.

"नाही, आत्याबाई. नवरा-बायको समीकरण असते. एखाद्याच दिवशी जुळते."

आत पोरी खिदळल्या. बाहेर पायरीवर मीही हसलो. ते आत ऐकू गेलं, मग आणखी हसल्या.

आधी तिचीही चूक सगळ्यांचीच व्हायची ती होत होती. ए अधिक बी, कंसाचा वर्ग, म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग. मधले दोन एबी विसरायची. मग एके दिवशी निंदणाच्या वेळी आमच्याच वावरात तिला ते सापडलं. आम्ही कापूस चौफुलीवर लावत होतो. दोरीनं खुणा करून, उभी-आडवी सारख्या अंतरावर झाडं, म्हणजे तण काढायचा डवरा दोन्ही बाजूंनी फिरतो. तिनं मला हाक मारली. "हे पाहा जी. चौकोन आहे न हा? याले मोठा करायचा तर इकडून ओळी वाढवा, तिकडूनबी वाढवा. मंग हा जुना चौकोन, तो कोपऱ्यातला लहान चौकोन, अन् हे दोन पट्टे. पट्टे म्या विसरून राह्यली होती." ती तिथंच पट्ट्यात उभी राहून हसत होती, हातात विळा, कमरेला ओटी. तेव्हापासून मला ते सूत्र पाठ आहे. पाठ केलेलं नाही, बघितलेलं आहे.

फागुनात विशाखानं पोरींना काम दिलं. पुस्तकातलं नको, तुमच्या मनानं एखादी नित्यसमानता तयार करा आणि सिद्ध करून आणा. पोरींनी तोंडं वाकडी केली. मनानं कसं तयार करायचं? गणित काय बेसन आहे?

आमच्याकडे तेव्हाच सरगुंडे-शेवयांचे दिवस असतात. बाजांवर जुनी लुगडी पसरून वाळत घालतात. पंचफुलाची एक रीत होती. चार बाजा अशा लावायची की एकीचं डोकं दुसरीच्या कुशीला लागेल, फिरकीसारख्या. मग मधोमध एक लहान चौकोन मोकळा राहतो. त्यात ती मांडी घालून बसायची आणि उठल्याविना चारी बाजांवर हात पोचवायची. चौथी बाज ओढून घ्यायला बाहेरून माणूस लागे. तो मी. नंतर आत-बाहेर करायला तिला बाजेखालून रांगावं लागे. "कोंडलं मले," असं दर वर्षी म्हणायची, आणि शेजारची कमळाबाई दर वर्षी उत्तर द्यायची, "राहू दे तशीच. भाऊजी, दोन दिवस जेवण हॉटेलात करा."

त्या वर्षी आमच्या चार बाजांतली एक कापसाच्या ढिगाखाली गेली होती. कापूस उपसल्याशिवाय ती निघणार नव्हती. म्हणून कमळाबाईची एक मागून आणली.

तर पंचफुला त्या मधल्या चौकोनात बसून शेवया टाकत होती आणि टाकता टाकता थांबली. हात तसाच वर. मला वाटलं, काही चावलं.

"अवो, बाहेरचा मोठा चौकोन केवढा? एका बाजेची लांबी अन् दुसरीची रुंदी. ए अधिक बी. अन् मी बसली तो? लांबीतून रुंदी गेली. ए वजा बी. मोठ्यातून लहान काढला तर काय राह्यते?"

"काय राह्यते?"

"चार बाजा! चार ए बी!"

तिनं ते कोळशानं पडवीच्या भिंतीवर लिहिलं. ए अधिक बी कंसाचा वर्ग, वजा ए वजा बी कंसाचा वर्ग, बरोबर चार एबी. संध्याकाळी विहारात सांगितलं तेव्हा विशाखा म्हणाली की हे पुस्तकातही आहे, पण आत्याबाईंनी बघितलेलं नव्हतं, म्हणून हे आत्याबाईंचंच. आता अक्षरांनी सिद्ध करा.

चार ओळी होत्या. तिनं मला रोज त्या समजावून सांगितल्या. पहिल्या दोन मला कळायच्या. तिसरीशी मी ठेचकाळायचो. कंसाच्या आधी वजा असेल तर आतली सगळी चिन्हं फिरतात. वजा दोन एबी होतं ते अधिक दोन एबी होतं. मी म्हणायचो, वजातून वजा केलं तर आणखीच कमी व्हायला पाहिजे.

ती म्हणायची, "तुमच्या ताटातली भाकर कोणी उचलून राह्यलं. म्या त्याचा हात धरून मांगं केला. मंग भाकर राह्यली का नाही ताटात?"

"राह्यली. पण नवीन आली कुठून?"

"तुमच्या डोक्यात कापूस भरला आहे," ती म्हणायची. "थोबी बिनभावाचा."

एक दिवस शहरातून कॅमेरा घेऊन कोणी आला. त्या वर्षांत असे पुष्कळ फिरायचे. कोणाच्या घरी काय झालं, बाई रडते का, हे बघत फिरायचे. त्यानं घरातला कापसाचा ढीग बघितला, मान हलवली. मग अंगणात चार बाजांच्या मधोमध बसलेली बाई बघितली. विचारलं, काय चाललंय? पंचफुला म्हणाली, "बीजगणित." त्याला वाटलं, ती त्याची चेष्टा करते आहे. त्यानं फोटो काढला नाही. काढला असता तर आज माझ्याकडे असता. तिचा एकच फोटो घरात आहे, आधारकार्डावरचा, त्यात ती कोणासारखीच दिसत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी ती म्हणाली, एकदा मोजून पाहू. मी म्हटलं, चार ओळींनी सिद्ध झालं ना? ती म्हणाली, कागदावर झालं.

तिचं हे म्हणणं कुठून आलं, मला माहीत आहे. त्या वर्षांत कागदावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीनं आम्हाला तोंडघशी पाडलं होतं. बियाण्याच्या पाकिटावर झाड वेगळं आणि वावरात उगवलेलं वेगळं. फवारणीच्या डब्यावर लिहिलेलं वेगळं आणि बोंडातली अळी वेगळी. केंद्र उघडण्याची तारीख भिंतीवर एक आणि दारावर कुलूप. आम्ही घरी काट्यावर तोलून मगच माल बाहेर नेणारे झालो होतो. आमच्यासारख्याला वाटतं, हातानं मोजलं तेच खरं.

मी वितीनं मोजलं. बाजेची लांबी आठ विती, रुंदी पाच. मधला चौकोन तीन. बाहेरची एक बाजू मोजली, ती यायला पाहिजे तेरा. आली चौदा. पुन्हा मोजली. चौदा. पंचफुलानं जमिनीवर बोटानं हिशोब केला. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, त्यातून तीनचा वर्ग नऊ गेले, राहिले एकशे सत्याऐंशी. चार बाजांचे व्हायला पाहिजेत एकशे साठ.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. मग पडवीतल्या भिंतीजवळ गेली आणि कोळशाचं ते लिहिलेलं ओल्या फडक्यानं पुसलं.

"मॅडमले विचार," मी म्हटलं.

"मॅडम माहेरी गेली. येईल परवा."

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन आली तेव्हा उन्हानं तोंड लाल झालेलं. पाणी प्यायली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "थेच आलं जी. सिद्ध करा म्हणून. थेच."

मला आनंद झाला. "मंग? लिहिल्या न चार ओळी?"

"कशा लिहीन? खोटं आहे न थे. म्या लिहिलं, हे खरं नाही, मोजून पाह्यलं आहे."

तिला तेव्हाही वाटत होतं की तिनं बरोबर केलं. मलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघांनी चहा प्यायला. ती सांगत होती, पेपर काढणाऱ्यानं फसवायला टाकलं असेल, आपण काही फसलो नाही.

विशाखा माहेरून आली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, मोजलं ते त्या एका बाजेपुरतं असते. अक्षरानं केलं ते जगातल्या साऱ्या बाजांसाठी."

"जगातल्या बाजांचं मले काय करायचं? माह्या अंगणात आलं पाह्यजे."

"तुमच्या अंगणात चारी बाजा सारख्या होत्या का?"

तेवढ्यात कमळाबाई आली होती, घरी पाहुणे आले म्हणून बाज परत न्यायला. विशाखाचा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "सारखी कशी राहीन? आमचे सासरे किती उंच होते, पाय बाहेर लोंबत. मंग थ्याइनं सुताराकून लांब करून घेतली होती ना."

वर लुगडं पसरलेलं. आम्हाला दिसलंच नव्हतं.

मी मोजलेली बाहेरची बाजू नेमकी त्याच बाजेची होती. मग पंचफुला हसली. मोठ्यानं नाही. म्हणाली, "ग्रेडरसारखंच केलं म्या. एक बाज पाहून साऱ्यायले नाव ठेवलं." त्या संध्याकाळी तिनं ते पुसलेलं पुन्हा भिंतीवर लिहिलं, खाली त्या चार ओळीही. परीक्षेसाठी नाही. उगाच.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळे विषय निघाले. गणित तेवढ्याच मार्कांनी राहिलं, जेवढे त्या प्रश्नाला होते. दुसरं काही असतं तर मी ऑटोवाल्याला, शाळेला, बोर्डाला शिव्या दिल्या असत्या. शिव्या द्यायला कोणी नव्हतं. उंच माणसाला पाय लांब करून निजावंसं वाटलं, यात त्याची काय चूक?

ती म्हणाली, "ऑक्टोबरले बसतो."

ऑक्टोबरच्या परीक्षेला आणि कापसाच्या पहिल्या वेच्याला एकच वेळ. त्या वर्षी बोंडं लवकर फुटली. आम्ही वावरात सीतादही केली, दहीभात शिंपडला, पहिली ओटी भरली, आणि आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला तर काळा पडतो. मजूर मिळेना. पेपरच्या दिवशी सकाळी ती डोक्याला फडकं बांधून ओळीत उभी होती. मी म्हटलं, "जा न. मी पाहतो इकडलं." ती म्हणाली, "एकटे किती वेचान? पुढच्या वर्षी पाहू." आणि बोटं चालूच. मी आणखी एकदा म्हणायला पाहिजे होतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो. म्हटलं असतं तरी ती गेली नसती. पण तिला ऐकू तरी आलं असतं.

पुढच्या वर्षी पोरीचं बाळंतपण आलं. त्याच्या पुढच्या वर्षी सेविकेची जागा भरली गेली. बाहेरून आलेली पोरगी, हुशार, स्वभावानं चांगली. पंचफुला तिला लेकीसारखं जपायची, तिचा डबा उन्हातून सावलीत ठेवायची. खुर्चीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. शेवटच्या आजारात यवतमाळच्या दवाखान्यात पडल्या पडल्या मात्र एकदा मला म्हणाली, "थे तिसरी ओळ तुमाले आखरीपर्यंत समजली नाही." मी म्हटलं, "समजली." खोटं बोललो. तिला कळलं. तिनं डोळे मिटून घेतले. तोंडावर हसू होतं.

परवा ऑटो गेल्यावर मी बाकावरून उठलो, घरी गेलो आणि दुपारी विहारात गेलो. विशाखाचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत. फळा साफ करत होती.

"मामाजी, काहून आले? तब्येत बरी न?"

"थे चार ओळींचं सांग मले. अक्षरांनी."

तिनं विचारलं नाही, कोणतं. खडू माझ्या हातात दिला. चौथीनंतर पहिल्यांदा मी फळ्यासमोर उभा होतो. पहिल्या दोन ओळी तिनं सांगितल्या, मी लिहिल्या. तिसरीला हात थांबला. मी त्या वजाकडे बघत राहिलो. कोणी ताटातली भाकर उचलत होतं, कोणी त्याचा हात धरत होतं. आणि मग मला दिसलं की भाकर नवीन येतच नाही. ती गेलीच नव्हती. ए वर्गातून ए वर्ग गेला, बी वर्गातून बी वर्ग गेला, दोन एबी आणि दोन एबी. चौथी ओळ मी न विचारता लिहिली.

"झालं," विशाखा म्हणाली. "आता हे कधीच खोटं होत नाही, मामाजी."

एवढं सोपं होतं. तिनं रोज सांगितलं होतं. मी एकदा खरंच समजून मान हलवली असती, तर तिचं तोंड कसं झालं असतं, एवढंच मला बघायचं होतं. ते आता कोणत्याच ओळीत येत नाही.

बाहेर पोरींचा आवाज आला. ऑटो परतला होता. उद्याच्या भूमितीसाठी त्यांना फळा पाहिजे होता. विशाखा म्हणाली, "राहू द्या आजचा दिवस. त्यायले मी चटईवर शिकवतो."

मी फळ्याकडे बघितलं. वाकडंतिकडं, मोठं मोठं, चौथीच्या पोराचं अक्षर. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, ओळ सोडून कधी जायचं नाही.

फडकं घेऊन मीच पुसलं.